मंडळाचा सगळ्यात मोठा खेळाडू कोण?

कबड्डीचं कुठलंही जुनं मंडळ घ्या, तिथे एक वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो : आपल्या मंडळाचा आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण? मुंबईतली काळाचौकीही त्याला अपवाद नाही. अभ्युदयनगरच्या शहीद भगतसिंग मैदानात स्पर्धेची तयारी सुरू झाली, की पन्नाशी-साठीतली मंडळी खुर्च्या ओढून बसतात. समोर विशीतला मुलगा एका चढाईत तिघांना टिपून परततो. टाळ्या पडतात, आणि लगेच मागून कुणीतरी म्हणतं, ‘‘पोरगा चांगला आहे रे, पण आमच्या वेळी मॅट होती का?’’ तरुण पोरं हसतात. त्यांच्या हातातल्या मोबाइलवर आजच्या खेळाडूचे सगळे आकडे असतात. जुन्या खेळाडूच्या बाजूने बोलणाऱ्याकडे असते ती फक्त आठवण.

हा वाद भावनेने सुटत नाही आणि नुसत्या आकड्यांनीही सुटत नाही. पण तो सोडवायची एक रीत आहे. खेळाच्या नोंदींचा गंभीरपणे अभ्यास करणाऱ्यांनी जगभर ती हळूहळू घडवली आहे. गल्लीतल्या मंडळालाही ती वापरता येईल, इतकी ती सोपी आहे. तिचा गाभा एवढाच की दोन काळांतल्या दोन खेळाडूंना थेट एकमेकांसमोर उभं करू नये. प्रत्येकाला आधी त्याच्या काळातल्या बाकीच्या खेळाडूंशी ताडून पाहावं. आणि हे करायचं, तर त्या काळाची नोंद हाताशी हवी.

गिरणगावातली श्रेणीची शिडी

लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी, दादर हा पट्टा म्हणजे मुंबईच्या कबड्डीचं घर. काळाचौकीत इंडिया युनायटेड आणि दिग्विजयसारख्या गिरण्या होत्या. पाळी सुटली की चाळीच्या पटांगणात चुन्याने रेषा आखल्या जात. या खेळाला ना बॅट लागते, ना चेंडू, ना बूट. लागते ती मोकळी जागा आणि चौदा माणसं. कामगारवस्तीत तो रुजला यात नवल नाही. परळचा श्रमिक जिमखाना, दादरचे विजय क्लब आणि अमरहिंद मंडळ, लालबाग-काळाचौकी भागातला अंकुर स्पोर्ट्स क्लब, महिलांमध्ये शिवशक्ती आणि डॉ. शिरोडकर स्पोर्ट्स क्लब ही नावं कबड्डीप्रेमींना सांगावी लागत नाहीत.

या नामवंत संघांच्या खाली मंडळांचा फार मोठा थर आहे. जिल्ह्याच्या स्पर्धांत संघ प्रथम, द्वितीय, तृतीय अशा श्रेणींत विभागले जातात. बरीचशी मंडळं आयुष्यभर खालच्या श्रेणीत खेळतात, कधी एखादं वर्ष वर चढतात, पुन्हा खाली येतात. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतल्या क्लबांचं असंच असतं. त्यांचे खेळाडू जगाला ठाऊक नसतात, पण त्या गावात त्यांच्या नावावर तासन्‌तास वाद रंगतात. आपल्याकडच्या अशा मंडळांच्या माजी खेळाडूंची तुलना करताना पहिली अडचण उभी राहते ती खुद्द खेळाची. एकच नाव असलेला हा खेळ शंभर वर्षांत पार बदलला आहे.

एक नाव, अनेक खेळ

नियम एकसारखे होण्याआधी हुतूतू-कबड्डी वेगवेगळ्या पद्धतींनी खेळली जायची. त्यातल्या तीन प्रमुख. संजीवनी पद्धतीत बाद झालेला गडी, आपल्या संघाने समोरचा गडी मारला की पुन्हा जिवंत होऊन आत यायचा. आजची कबड्डी मुख्यतः याच पद्धतीवर उभी आहे. गामिनीत बाद झालेला बाहेरच बसायचा, संपूर्ण संघ बाद होईपर्यंत. सगळा संघ बाद झाला की एक गुण, आणि असे ठरावीक गुण होईपर्यंत सामना चालायचा. अमर पद्धतीत बाद झालेला गडी मैदान सोडतच नसे. समोरच्यांना गुण मिळे आणि खेळ पुढे चालू.

तुलनेसाठी हा फरक फार मोलाचा आहे. गामिनी खेळणाऱ्या चढाईपटूने एका चढाईत दोन गडी मारले, तर गुणफलकावर काहीच चढत नसे. त्याची कामगिरी संघाच्या लोणमध्ये, म्हणजे समोरचा सगळा संघ बाद करण्यात, विरघळून जाई. अमरमध्ये मात्र प्रत्येक स्पर्शाचा गुण लगेच दिसे. त्यामुळे एखाद्या आजोबांनी त्यांच्या काळात किती गुण मिळवले, हा प्रश्न विचारण्याआधी ते कोणत्या पद्धतीने खेळत होते, हे विचारावं लागतं.

पुढे नियम एक झाले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ जगाला दाखवला. पुढच्या काळात शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या संघटकांनी तो राष्ट्रीय आणि आशियाई पातळीवर नेण्यासाठी आयुष्य वेचलं. १९९०च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून जागा मिळाली. २०१४मध्ये प्रो कबड्डी लीग आली आणि खेळ घराघरांतल्या पडद्यावर पोहोचला.

या वाटचालीत मैदानातलं काय काय बदललं, ते जवळून पाहिलं पाहिजे. आज पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटरचं असतं. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदानरेषा आणि तिच्या पुढे एक मीटरवर बोनसरेषा. पूर्वी चढाई किती लांबायची, हे खेळाडूच्या दमावर ठरायचं. छाती भरून दम घेतलेला चढाईपटू समोरच्यांना दमवत, हूल देत, एखादा गडी पुढे सरकण्याची वाट पाहत राहायचा. आता चढाईला ३० सेकंदांची मुदत आहे. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. त्यामुळे आघाडी घेऊन वेळ काढण्याची जुनी कला जवळजवळ संपली आणि जोखीम घेण्याची कला वाढली.

गुणांचे मार्गही वाढले. समोर सहा किंवा सात गडी असताना बोनसरेषा ओलांडली, तर कुणालाही न शिवता एक गुण मिळतो. बचावात तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना पकड झाली, तर ती अव्वल पकड ठरते आणि एक गुण जादा मिळतो. म्हणजे आजच्या खेळाडूच्या खात्यात असे काही गुण जमा होतात, जे मिळवण्याची सोयच जुन्या खेळाडूला नव्हती. मॅटमुळेही खेळ बदलला. मातीत पाय रुतायचा, घोट्याला धरलं की सुटणं कठीण व्हायचं, गुडघे-कोपरं सोलून निघायची. मॅटवर बूट घालून खेळताना वेग मिळतो, पकडीतून निसटणंही जमतं, पण बचावपटूची डॅशही तितक्याच वेगाने येऊन आदळते. कोणता खेळ अधिक कठीण, हे ठरवण्यात अर्थ नाही. दोन्हींच्या मागण्या वेगळ्या आहेत आणि प्रत्येक काळाने आपल्या मागणीप्रमाणे खेळाडू घडवले.

बेरीज फसवते

आता आकड्यांकडे येऊ. प्रो कबड्डीच्या पहिल्या मोसमात यू मुंबाच्या अनुपकुमारने १६ सामन्यांत चढाईचे १५५ गुण मिळवले. त्या मोसमातला तो अव्वल चढाईपटू होता. २०१७च्या पाचव्या मोसमात पाटणा पायरेट्सच्या परदीप नरवालने ३६९ गुण मिळवले. नुसती बेरीज पाहिली, तर परदीप अनुपच्या जवळपास अडीच पट मोठा वाटतो. पण पाचव्या मोसमापर्यंत संघ आठावरून बारा झाले होते, मोसम लांबला होता आणि परदीप २६ सामने खेळला होता. सामन्यामागे हिशेब केला, तर अनुप सुमारे ९.७ आणि परदीप सुमारे १४.२. अंतर आहेच, पण ते दीडपटीच्या आत येतं.

त्याच्याही खोलात जावं लागतं. अनुपची ख्याती बोनससाठी होती आणि परदीपची डुबकीसाठी, म्हणजे घेऱ्याखालून वाकून निसटताना गडी टिपण्यासाठी. गुणफलकावर दोन्हींचा गुण एकच दिसतो. नियमाने मात्र फरक आहे : स्पर्शाने गडी मारला की आपला बाहेर बसलेला एक गडी जिवंत होतो, बोनसने होत नाही. उलट, बोनस घेताना धोका कमी असतो आणि अटीतटीच्या सामन्यात तो एकेक गुणच निकाल फिरवतो. म्हणून चांगल्या नोंदीत स्पर्शाचे गुण आणि बोनसचे गुण वेगळे लिहिलेले असतात. ते वेगळे लिहिले नाहीत, तर पुढच्या पिढीला खेळाडूची जात ओळखता येत नाही.

मंडळाच्या पातळीवर एक साधा हिशेब पाहू. समजा, एका सामन्यात पहिल्या चढाईपटूने २० चढाया केल्या, १० गुण आणले, पण ६ वेळा तो पकडला गेला. दुसऱ्याने १२ चढायांत ८ गुण आणले आणि एकदाच पकडला गेला. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत नाव येईल दहा गुणवाल्याचं. पण प्रत्येक पकडीने समोरच्यांना एक गुण मिळाला, त्यांचा एक गडी आत आला आणि आपला मुख्य चढाईपटू बाहेर बसला. मिळवलेल्या गुणांतून गमावलेले वजा केले, तर पहिल्याचे उरतात ४ आणि दुसऱ्याचे ७. चढाईमागे गुण काढले, तर पहिला अर्धा आणि दुसरा दोन-तृतीयांश. शिवाय पहिला सहा वेळा बाहेर बसला, तेव्हा चढाईचा भार दुसऱ्या कुणावर तरी पडला. जुन्या खेळाडूंत ‘‘तो फारसा चमकायचा नाही, पण संघ कधी अडचणीत आणायचा नाही’’ असं ज्याच्याबद्दल बोललं जातं, तो बहुधा हा दुसरा असतो. त्याला न्याय द्यायचा असेल, तर मिळवलेल्या गुणांइतकीच पकडल्या गेलेल्या वेळांची नोंद हवी.

कोपऱ्यात उभा राहणारा माणूस

तुलनेत सर्वांत जास्त अन्याय होतो तो बचावपटूवर. याचं स्पष्ट उदाहरण फुटबॉलमध्ये सापडतं, आणि तेही मुंबईच्याच फुटबॉलमध्ये. हारवुड लीग इथे १९०२पासून खेळली गेली. याच मुंबईच्या मैदानांवर गाजलेल्या नेव्हिल डिसोझाने १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारताने तो सामना ४-२ असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. त्या स्पर्धेत त्याने एकूण चार गोल केले आणि सर्वाधिक गोल करणाऱ्यांत त्याचं नाव आलं. त्याच संघात मुंबईत नाव कमावलेले गोलरक्षक एस. एस. नारायण होते. १९६०च्या रोम ऑलिंपिकच्या संघातही ते होते. डिसोझाचं मोठेपण एका ओळीत सांगता येतं. नारायण यांचं सांगायचं, तर त्यांनी अडवलेल्या चेंडूंची मोजदाद लागते, आणि तशी मोजदाद त्या काळी कुणी ठेवत नसे.

कबड्डीत कोपरारक्षकाचं असंच होतं. चांगल्या कोपरारक्षकाच्या नावावर पकडी जमा होतात. पण फार चांगल्या कोपरारक्षकाच्या बाजूला चढाईपटू वळतच नाही. तो डावीकडे उभा असेल, तर समोरचा सबंध सामना उजवीकडून खेळतो. परिणामी उजव्या कोपऱ्यातल्या साध्या खेळाडूच्या पकडी जास्त होतात, आणि कागदावर तोच मोठा ठरतो. साखळी पकडीतही हा घोळ आहे. पहिला घोट्याला झेपावतो, दुसरा कमरेला मिठी मारतो, तिसरा बाहेर ढकलतो, आणि गुण लिहिला जातो एकाच्याच नावावर.

यावर उपाय आहे. बचावपटूच्या पकडींच्या बरोबरीने त्याने केलेले प्रयत्नही लिहायचे. दहा वेळा झेपावून सहा वेळा यशस्वी झालेला आणि वीस वेळा झेपावून सात वेळा यशस्वी झालेला, यांत पहिला अधिक भरवशाचा. अवेळी झेप घेतली तर गुण समोरच्याला जातो. आणि दुसरा उपाय म्हणजे तो मैदानात असताना आणि नसताना संघाने किती गुण दिले, ते ताडून पाहायचं. त्या एका माणसाच्या असण्याने संघाचं काय होत होतं, हे यातून कळतं. नाव न झालेल्या कितीतरी खेळाडूंचं मोल या एका आकड्यात दिसेल.

समोर कोण होतं आणि संधी किती मिळाली

तृतीय श्रेणीत सामन्यामागे बारा गुण आणि प्रथम श्रेणीत सामन्यामागे सात गुण, यांतलं मोठं काय? बहुतेक वेळा दुसरं. म्हणून गुण लिहिताना समोरचा संघ आणि श्रेणी लिहिणं आलंच. इथेच सुरुवातीला सांगितलेली रीत कामी येते : खेळाडूला त्याच्या काळातल्या इतरांशी ताडायचं.

क्रिकेटमधला डॉन ब्रॅडमन आजही निर्विवाद थोर का? त्याच्या काळची गोलंदाजी आजच्याइतकी वेगवान होती की नव्हती, या वादात न शिरताही उत्तर मिळतं. त्याची कसोटी सरासरी ९९.९४ आहे, आणि दीर्घकाळ खेळलेले बाकीचे थोर फलंदाज साठीच्या आसपास थांबले. त्याच खेळपट्ट्यांवर, त्याच गोलंदाजांपुढे बाकीचे जे करत होते, त्यापेक्षा तो किती तरी पुढे होता. मंडळाला हेच करता येतं. समजा, १९७५च्या सुमारास आपल्या श्रेणीतला मुख्य चढाईपटू सामन्यामागे सरासरी ४ गुण आणत होता आणि आपला खेळाडू ७ आणत होता. आज तीच सरासरी ८ आहे आणि आपला आजचा खेळाडू ११ आणतो. आकडा आजच्याचा मोठा. पण जुना आपल्या काळाच्या पावणेदोन पट पुढे होता आणि आजचा दीडपटही नाही. अशा मोजमापाने मातीवरचा आणि मॅटवरचा खेळाडू एका रांगेत उभे करता येतात.

दुसरा मुद्दा संधीचा. शिवाजी पार्कच्या पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये १२४ सामन्यांत ५८९ बळी घेतले, तेही १९.६९च्या सरासरीने. १९७२-७३च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर त्यांनी एका डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ गडी बाद केले. तरी ते भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत, कारण त्याच काळात, त्याच जातीची गोलंदाजी करणारा बिशनसिंग बेदी संघात होता. फक्त कसोटीचे आकडे पाहणाऱ्याला शिवलकर दिसणारच नाहीत. मंडळांतही असे शिवलकर असतात. एकाच मंडळात, एकाच वेळी दोन उत्तम डावे कोपरारक्षक असले, तर एकाचं तारुण्य राखीव बाकावर सरतं.

गिरणगावात या संधीला पोटापाण्याची जोड होती. गिरणीतली रात्रपाळी असेल, तर संध्याकाळचा सामना खेळून थेट खात्यात जावं लागे. बँका, रेल्वे, बंदर, पोलीस, एअर इंडिया, महिंद्रा यांच्या संघांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या आणि कबड्डीने कितीतरी घरांत पगार आणला. पण नोकरी लागली, की खेळाडू व्यावसायिक गटात त्या संघाकडून खेळणार. मंडळाकडे उरतात त्याची सुरुवातीची चार-पाच वर्षं. दुसऱ्या बाजूला ज्याला अशी नोकरी लागली नाही, तो त्याच मंडळासाठी पंधरा वर्षं खेळतो, नंतर मुलांना शिकवतो, चुना टाकतो, पंचगिरी करतो. या दोघांत मंडळाचा मोठा खेळाडू कोण?

अमेरिकेत बेसबॉलचे अभ्यासक जे जॅफी यांनी अशाच पेचासाठी एक मार्ग काढला. खेळाडूच्या सबंध कारकिर्दीचं मोल आणि त्याच्या सर्वोत्तम सात मोसमांचं मोल, या दोहोंची सरासरी घ्यायची. थोडा काळ तळपलेल्याला आणि दीर्घकाळ टिकलेल्याला त्यात सारखाच मान मिळतो. मंडळाला सातऐवजी तीन मोसम धरता येतील. हिशेब तोच.

आठवणीचा सतराव्या वर्षाकडे कल

या सगळ्याला छेद देणारी एक गोष्ट माणसाच्या मनात असते. स्टीव्ह यान्सन, डेव्हिड रुबिन आणि मार्टिन कॉनवे या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना आजवरचे पाच सर्वोत्तम फुटबॉलपटू कोण, असं विचारलं. त्यांचा निबंध २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. पेले, क्रॉइफ, मॅराडोना ही नावं आलीच, पण त्यांतून एक नेम दिसला : उत्तर देणारा साधारण सतरा वर्षांचा असताना जे खेळाडू ऐन भरात होते, त्यांची नावं तो अधिक घेतो. माणसाची आठवण पौगंडावस्थेतल्या आणि तारुण्याच्या उंबरठ्यावरच्या अनुभवांना घट्ट धरून ठेवते, हे मानसशास्त्राला आधीपासून माहीत होतं. खेळाडूंच्या बाबतीतही तेच खरं निघालं.

मैदानाच्या कडेला बसलेले साठीतले काका १९८०च्या आसपासच्या खेळाडूची बाजू घेतात आणि चाळिशीतला त्यांचा पुतण्या २०००च्या आसपासच्या खेळाडूची, त्याचं कारण इथे आहे. कुणीही खोटं बोलत नाही. दोघांनीही आपापल्या सतराव्या वर्षी डोळे भरून कबड्डी पाहिली. म्हणून आठवणीला साक्ष मानावं, निकाल मानू नये. साक्षही पारखून घ्यावी. आपल्याच मंडळाच्या माणसाने केलेल्या कौतुकापेक्षा, ज्याला त्या खेळाडूने हरवलं त्या समोरच्या मंडळाच्या माणसाचा शब्द अधिक वजनाचा. ‘‘त्याच्या बाजूला जाऊ नका, असं आम्हाला आधीच सांगून ठेवलेलं असायचं,’’ असं एखादा जुना प्रतिस्पर्धी सांगतो, तेव्हा त्या कोपरारक्षकाची न झालेली पकडसुद्धा नोंदीत येते.

नोंद नसेल तर न्याय नाही

इंग्लंडमध्ये फुटबॉल लीग १८८८मध्ये सुरू झाली आणि तिच्या नोंदी तेव्हापासून जपल्या गेल्या. चौथी श्रेणी १९५८मध्ये आली. तिच्यातल्या अगदी तळाच्या क्लबाकडून कोण किती सामने खेळला आणि त्याने किती गोल केले, हेही छापील ग्रंथांत सापडतं. १९७०पासून तिथे रॉथमन्स हे जाडजूड वार्षिक निघू लागलं. तिथला सामान्य चाहता आपल्या आजोबांच्या आवडत्या खेळाडूचा खेळ आकड्यांत पाहू शकतो, ते यामुळे.

आपल्याकडे खेळाडू कमी प्रतीचे नव्हते, नोंदी कमी पडल्या. सामना संपला की गुणपत्रकाचं काम संपलं, अशीच समजूत राहिली. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. संप रेंगाळला, गिरण्या बंद पडत गेल्या, कितीतरी कुटुंबं गावी किंवा दूरच्या उपनगरांत गेली. पुढे चाळी पाडून टॉवर उभे राहिले. अशा स्थलांतरात चषक कुणीतरी सांभाळतं, कागदाच्या पेट्या मात्र पहिल्यांदा फेकल्या जातात. वर्तमानपत्रांतल्या बातम्या आहेत, पण त्यांत अंतिम गुणसंख्या, मध्यंतराची आघाडी, आणि अमुकच्या चौफेर चढाया व तमुकच्या भक्कम पकडी एवढाच मजकूर असतो. नाव असतं, आकडा नसतो.

महिला खेळाडूंच्या नोंदींचं दारिद्र्य याहून मोठं आहे. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा १९५५पासून होत आहेत. पुण्याच्या शकुंतला खटावकरांना अर्जुन पुरस्कार मिळाला, २०१५च्या अर्जुन पुरस्कारार्थींत मुंबईची अभिलाषा म्हात्रे होती. पण ‘मंडळाचा मोठा खेळाडू’ म्हटल्यावर नाक्यावर किती जण एखाद्या मुलीचं नाव घेतात? परळ-लालबागच्या मुलींनी घर, शाळा, नोकरी सांभाळून मिळवलेल्या जिल्हा विजेतेपदांची यादी करायला कुणी बसलंय का? त्यांचं मैदान १२ बाय ८ मीटरचं, म्हणजे पुरुषांपेक्षा लहान. त्यांचे आकडे वेगळे वाचावे लागतात, आणि त्यासाठी ते आधी लिहिलेले असावे लागतात.

हे काम अजूनही करता येण्याजोगं आहे. मंडळाने एक वही घालावी. आजच्या प्रत्येक सामन्यासाठी त्यात तारीख, स्पर्धा, श्रेणी आणि समोरचा संघ लिहावा. प्रत्येक चढाईपटूच्या एकूण चढाया, स्पर्शाचे गुण, बोनस आणि तो किती वेळा पकडला गेला ते लिहावं. प्रत्येक बचावपटूचे प्रयत्न आणि यशस्वी पकडी लिहाव्यात. गुणलेखकाच्या शेजारी बसून एक दहावीतला मुलगा किंवा मुलगी हे सहज करू शकेल. जुन्या काळासाठी दादर-नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात किंवा वर्तमानपत्रांच्या दप्तरांत जुने अंक चाळावेत. घरोघरच्या प्रमाणपत्रांचे, छायाचित्रांचे, निवडपत्रांचे फोटो काढून ठेवावेत. आणि सत्तरी-ऐंशीतले जे खेळाडू आज आपल्यात आहेत, त्यांच्याशी बोलून ते ध्वनिमुद्रित करावं : कोणत्या नियमांनी खेळलात, कोणत्या पाळीत कामाला होता, कुणासमोर खेळायची भीती वाटायची? शेवटचा प्रश्न चुकवू नये. त्या उत्तरात दुसऱ्या एखाद्या मंडळाचा विसरलेला खेळाडू सापडतो.

बुवा साळवींचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी सत्कार आणि भाषणं होतातच. काळाचौकीतल्या, लालबाग-परळमधल्या प्रत्येक मंडळाला माझी कळकळीची विनंती आहे, की येत्या १५ जुलैला आपल्या मंडळाच्या एका तरी माजी खेळाडूची पूर्ण नोंद तयार करून ती सर्वांसमोर वाचून दाखवावी. मोठा कोण, यावर खुशाल भांडावं. पण ज्यांच्याविषयी भांडतो, त्यांनी मैदानात काय केलं, ते आधी लिहून ठेवावं. ते काम आपलं आहे, आणि त्यांचा खेळ पाहिलेली माणसं आहेत तोवरच ते होऊ शकेल.